जीपमधली खुर्ची

कारखान्यानं भंगारात काढलेली जीप म्या घरी आणली तवा ढोकीतले लोक हसले. हसा म्हणलं, तुमच्या बापाचं काय जातंय! म्या धोंडप्पा, वर्कशॉपातला फिटर. तिचं इंजिन माझ्या हाताखालून गेलेलं. वरची बॉडी तेवढी सडली होती.

जीप पाहिजे होती ती माझ्या बायकोसाठी, नीलम्मासाठी. तिच्या काळजाला सूज होती. आडवी झाली की जीव घुसमटायचा, म्हणून चार महिने ती भिंतीला टेकून बसूनच होती. सोलापूरचे डॉक्टर म्हणले, दर पंधरा दिवसांनी आणा, न्हायतर आशा धरू नका. एकदा यष्टीनं नेली. गर्दीत तुळजापूरपर्यंत तिचे ओठ निळे पडले. "मरंन, पण पुन्हा यष्टीत चढणार न्हाय," म्हणली. लई हट्टी बाई!

बहात्तरचा दुष्काळ. ऊस उभा वाळलेला, वर्कशॉपात काम थोडं. दुपारी सुटलो की अंगणात ठोकाठोकी. मागचे बाक कापून काढले, नवा पत्रा मारला, मधोमध बाभळीची खुर्ची बसवली. पाठ उंच, दोन्हीकडं हात, धूळ आडवायचा पडदा लावायला वर कमान, खड्ड्यात घसरू नये म्हणून छातीशी बांधायला धोतराचा पट्टा. माप घ्यावं लागलं न्हाय, हात आपसूक चालले. खोटं कशाला बोलू, मला माझ्या कामाचा गर्व वाटला.

न्यायच्या दिवशी सकाळी माझी थोरली बहीण गिरिजाआक्का येरमाळ्याहून आली. जीपच्या मागं गेली आन् तोंडाला पदर लावून तिथंच उभी राहिली.

"काय झालं? बोल की!" म्या खेकसलो.

"धोंडप्पा, आरं काय केलंस हे? हे तर विमान झालं."

आमा लिंगायतांत मेलेल्याला आडवं नेत न्हाईत. खुर्चीत बसवून, छातीशी बांधून, वर कमान करून नेतात. त्या खुर्चीला विमान म्हणतात. गावातली विमानं वीस वर्षं म्याच बांधत होतो, आई-बापाचीबी म्याच बांधली. माणसाला नीट बसवायचं म्हणलं की माझ्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. म्या घण उचलला.

"थांबा." नीलम्मा दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "हे मोडलं तर दुसरं करायला किती दिवस लागतील?"

"आठ-धा."

"तेवढे हाईत का माझ्यापाशी?"

आक्कादेखत, भर अंगणात म्या मोठ्यानं रडलो.

"रडा मागनं. आता उचला मला."

दोघांनी तिला उचलून खुर्चीत बसवलं. पट्टा हातात घेतला, पण गाठ मारायला बोटं वळंनात. तिनं पट्टा माझ्या हातातनं वढला आन् स्वतःच बांधला. आक्का तिच्या पायाशी बसली.

वाटंत म्या सारखा मागं बघायचो, हाक मारायचो. ती हुंकार द्यायची. तुळजापूरच्या पुढं हुंकार आला न्हाय. वळून बघितलं तर मान एका बाजूला पडलेली, आक्कालाबी डुलकी लागलेली. गाडी कडंला लावली, मागं चढलो. तिच्या नाकापाशी हात धरला.

तिनं डोळे उघडले.

"चार महिन्यांनी धड झोप लागली व्हती हो," ती चिडून म्हणली. "जित्ती हाय म्या. हाका गाडी."

म्या खाली उतरलो, गाडी सुरू केली. सोलापूर येईपर्यंत पुन्हा हाक मारली न्हाय. झोपू दिलं तिला.