दरवाजा बंद, दिवा चालू

ते अठरा आसनी विमान हवेत गेलं की 'दरवाजा उघडा आहे' असा लाल दिवा लावायचं. दरवाजा बंद असायचा. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा सहवैमानिक मागे जाऊन दरवाजा हाताने दाबून आला. हे प्रवाशांनी पाहिलं आणि उरलेला प्रवास ओळखदेख नसताना एकमेकांचे हात धरून केला.

जमिनीवर उतरलं की दिवा विझलेला. हँगरमध्ये तर विमान असं गुणी वागायचं, जसं काही मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे. म्हणून सगळे त्याला 'भिडस्त' म्हणायचे. तीन वेळा तक्रार आली. पहिल्यांदा दिव्याचा बल्ब बदलला, दुसऱ्यांदा दरवाज्याचा स्विच बदलला, तिसऱ्यांदा तोच नवा स्विच काढून त्याहून नवा बसवला. तिन्ही वेळा नोंदवहीत एकच वाक्य: दोष आढळला नाही.

चौथ्या तक्रारीला पाळी सहीबाईची होती.

हे नाव तिला पाच आठवड्यांपूर्वी पडलं. तोवर ती नुसती मेकॅनिक होती. परीक्षा पास झाली आणि 'विमान उडायला योग्य आहे' अशी सही करायचा अधिकार मिळाला, सोबत सत्तावीस नंबरचा रबरी शिक्का. आईने तो शिक्का शेजारच्या तीन घरांत दाखवून आणला. अधिकार पक्का व्हायला मात्र तीन महिने नीट काम करायचं होतं.

"चारला उड्डाण आहे," हँगरचे साहेब म्हणाले. "दोष आढळला नाही असं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, आढळला नाही म्हणजे नाहीच, असं थोडंच असतं?"

"मला डोक्यावर केस आढळत नाहीत," साहेब टकलावरून हात फिरवत म्हणाले. "म्हणजे ते नाहीतच."

"मी सही करणार नाही."

हँगरमध्ये कुणाच्या तरी हातातला पाना पडला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तीनपर्यंत दोष दाखवा. नाहीतर सही दुसरा कुणी करेल, आणि तुमचा शिक्का माझ्या टेबलावर."

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. आई त्या दिवशी गुडघा दाखवायला गेली होती.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही म्हणाले. त्यांच्यासमोर मेला दुखतच नाही."

"असं कसं?"

"कसं म्हणजे? गेल्या गेल्या 'बसा' म्हणतात. बसल्यावर कुणाचा गुडघा दुखतो गं? म्हटलं, जिन्यावर चला, तिथे तपासा. तर हसले."

सहीबाईचा घास हातातच राहिला. "आई, ठेवते."

"अगं, ऐकून तरी—"

तक्रार आली की या हँगरमध्ये पहिलं काम ठरलेलं: दरवाज्याशेजारचं झाकण काढायचं, आतल्या तारा बघायच्या, मग तपासणी. तिन्ही वेळा हेच झालं होतं. आजही तिने हेच केलं होतं. थोडक्यात, भिडस्ताला आल्या आल्या सगळे 'बसा' म्हणत होते.

झाकणाचे सहा स्क्रू चिकटपट्टीवर ओळीने लावलेले होते, कारण ज्या भोकातला स्क्रू त्याच भोकात परत गेला पाहिजे अशी आजोबांची शिस्त होती. आजोबा म्हणजे सगळ्यात जुने इंजिनीयर. लग्न केलेलं नाही, तरी अख्ख्या हँगरचे आजोबा. सहीबाईने सहाही स्क्रू जागच्या जागी बसवून झाकण बंद केलं. मग स्टोअरवाल्याला दरवाज्यापाशी उड्या मारायला लावलं. तो चौदा उड्या मारून खाली बसला. दिवा ढिम्म.

पावणेतीनला साहेब आत आले. "हे काय चाललंय? सर्कस आहे का? दिवा लागत नाही म्हणजे नाही!" म्हणत त्यांनी झाकणाला खेटूनच पाय आपटला.

दिवा लागला.

सगळे दिव्याकडे बघत राहिले. साहेब स्वतःच्या पायाकडे.

"पुन्हा एकदा, साहेब."

"आता राग गेला."

"केसांचा विषय काढू?"

पाय आपटला. दिवा लागला, आणि या वेळी लागलेलाच राहिला. सहीबाई एकेक स्क्रू काढू लागली. चौथा निघाला आणि दिवा विझला. तो स्क्रू इतरांपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा लांब होता. झाकण बंद असलं की त्याचं टोक आतल्या तारेला टोचायचं आणि हादरा बसला की दिवा पेटायचा. झाकण उघडलं की तार सुटली, दोष गुल. आणि तपासणी संपली की आजोबांच्या शिस्तीप्रमाणे दोष पुन्हा जागच्या जागी.

"हा बसवला कुणी?" साहेबांनी विचारलं आणि वैमानिकाला उड्डाण रद्द झाल्याचं सांगायला गेले.

आजोबांनी नोंदवही चाळली, एका पानावर बोट ठेवलं आणि वही तिच्याकडे सरकवली. पाच आठवड्यांपूर्वी दरवाज्याला ग्रीस लावलं होतं. झाकण बंद केलं: शिक्का सत्तावीस. तिची आयुष्यातली पहिली सही.

तिला आठवलं. एक स्क्रू घरंगळून गटाराच्या जाळीत गेला होता. तिने 'अक्षयपात्रा'तून दुसरा घेतला होता. अक्षयपात्र म्हणजे उरलेल्या स्क्रूंचा जुना डबा. तो कुठल्याच यादीत नव्हता आणि सगळ्यांच्या हाताशी होता.

"स्क्रू लांब होता, बदलला. एवढंच लिहिलंस तरी विमान बरं होईल," आजोबा हळूच म्हणाले.

तिने डब्याकडे पाहिलं. तो निम्मा रिकामा होता. "आजोबा, बाकीचे निम्मे कुठे गेलेत?"

आजोबांनी पेन पुढे केलं. ते हसत होते.

तिने लिहिलं: चुकीचा स्क्रू मी बसवला, डब्यातून घेतला. इतर विमानं तपासावीत.

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि हात पुढे केला. शिक्का टेबलावर गेला. पुन्हा परीक्षा द्यावी लागणार होती.

भिडस्ताला नवी तार आणि योग्य मापाचा स्क्रू मिळाला. झाकण बंद ठेवून साहेबांनी वीस वेळा पाय आपटला, ज्याची अधिकृत नोंद 'जमिनीला हादरे देऊन चाचणी' अशी झाली. दुसऱ्या दिवशी प्रवाशांशिवाय चाचणी उड्डाण झालं. दिवा लागला नाही. सही आजोबांनी केली. इतर विमानांत डब्यातले नऊ स्क्रू सापडले. डबा भंगारात गेला. स्टोअरवाल्याने त्याला हात जोडले.

तीन आठवड्यांनी परीक्षा झाली. समोर साहेब आणि आजोबा. आजोबांनी शेवटचा प्रश्न विचारला, "तक्रार आली की पहिलं काय करायचं?"

"काहीच उघडायचं नाही. आधी जिना चढायला लावायचं."

"कुणाला?" साहेब दचकले.

"द्या हो तिला शिक्का," आजोबा म्हणाले.

संध्याकाळी आईने शिक्का पुन्हा तीन घरांत फिरवला. चौथं घर डॉक्टरांचं होतं, पहिल्या मजल्यावर. या वेळी सहीबाईही सोबत होती. तिने डॉक्टरांना खुर्चीवरून उठवून थेट जिन्यावर आणलं.

सातव्या पायरीला आईचा गुडघा दुखला.

"बघा!" आई म्हणाली. एवढ्या आनंदाने कुणी कळवळलेलं डॉक्टरांनी आजवर पाहिलं नव्हतं.