जावयाचे पाय

अवधूतला गाडीची हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते एक वेळ सोडा, पण तोंडाला कुलूप घालायला काय हरकत होती? उंच चाकांची, डोंगरदऱ्यांत घालायची ती गाडी घेतल्यापासून रोडपालीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटेल त्याला हा एकच पाठ ऐकवायचा. "चढावर थांबलात ना, तरी ब्रेकवरचा पाय काढा बिनधास्त. गाडी दोन-तीन सेकंद स्वतःच धरून ठेवते. तेवढ्यात क्लच सोडत ॲक्सिलरेटर द्यायचा, की निघाली!" ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या गाड्यांना क्लचच नव्हता, पण ह्याला त्याचं काय.

बायकोला, म्हणजे अनुयाला, गाडी त्यानेच शिकवली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने तिला चढावर हँडब्रेक ओढून मगच निघायची सवय लावली होती. ती ह्याने चेष्टा करकरून मोडली. "हँडब्रेक काय ओढतेस म्हाताऱ्यांसारखा?" अनुयाने ऐकलं. तिला गाडी यायलाच हवी होती. तिची कंपनी द्रोणागिरीचं गोदाम तिच्या हाती सोपवणार होती, आणि तिथे वेळी-अवेळी पोचायचं तर स्वतःची गाडी हवी. जूनपासून जायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दोघं अवधूतच्या सासूबाईंना, म्हणजे अनुयाच्या आईला, फिरवायला धोदाणीच्या बाजूला घेऊन गेली. सुनीताबाई कळंबोलीला मुलाकडे, देवेशकडे राहायच्या. त्यांचे यजमान लोखंड बाजारातून ट्रक न्यायचे. ते गेले, पण त्यांच्याबरोबर घाट हिंडताना लागलेली एक सवय बाईंना कायमची चिकटली होती. गाडी चढावर उभी राहिली, की मागच्या चाकाला दगड लावायचा. मग गाडी कुणाची का असेना.

रस्त्यालगत नदीचं कोरडं पात्र होतं. अवधूतने ऐटीत गाडी खाली उतरवली आणि गोट्यांवरून खडखडवत फिरवून दाखवली. त्यासाठी गिअरशेजारचा दुसरा, बुटका दांडा ओढून त्याने ती 'लो'मध्ये टाकली होती. जोर जास्त, वेग कमी. मग सासूबाईंसमोर बायकोचं कौतुक व्हावं म्हणून, खरं तर स्वतःच्याच शिकवणीचं व्हावं म्हणून, तो म्हणाला, "आता वर तू ने."

काठाचा तो चढ बघून सुनीताबाई आधीच उतरल्या. "मी आपली चालत येते बाई."

अनुया निम्म्या चढावर पोचली आणि वरून एक टेम्पो आला. तिने ब्रेक दाबला. मागून येणाऱ्या सुनीताबाईंनी लगबगीने एक दगड उचलून चाकामागे सारला. अवधूतने आरशात पाहिलं आणि खिडकीतून डोकं काढलं.

"अहो आई, काढा तो दगड! ही गाडी आपली आपण धरते. बघाच तुम्ही."

जावयाचा शब्द. त्या दगड काढायला वाकल्या.

"हँडब्रेक लावू का रे?" अनुयाने विचारलं.

"काही गरज नाही. क्लच दाबलेला ठेव, ब्रेकवरचा पाय काढ. दाखव आईंना."

तिने पाय काढला. दगड नुकताच निघाला होता; गाडीने धरलं नाही, सरळ मागे सुटली. अनुयाने किंचाळत पुन्हा ब्रेक दाबला, पण तोवर चाक सुनीताबाईंच्या पावलावर चढून गेलं होतं.

आणि तेव्हा अवधूतच्या तोंडून जे निघालं ते त्यालाही नंतर खरं वाटेना. उचलली जीभ लावली टाळ्याला! "अगं, आधी ब्रेक पूर्ण दाबायचा असतो! अर्धवट दाबलास तर कशी धरेल गाडी?"

अनुया पांढरीफटक पडली. तिने पूर्ण दाबला होता की नाही, हे त्या घटकेला तिला कुठे आठवणार? तिने ते मान्य करून टाकलं.

ह्या उंच गाडीत बाईंना चढवणं शक्यच नव्हतं. टेम्पोवाला देवमाणूस, त्याने मागच्या फळीवर पोती अंथरली. अनुया आईला मांडीवर घेऊन बसली आणि टेम्पो पनवेलच्या दवाखान्याकडे सुटला. गाडी वर काढायला अवधूत एकटाच मागे राहिला. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि त्याची नजर त्या बुटक्या दांड्यावर गेली. तो अजून 'लो'मध्येच होता.

'लो'मध्ये टाकलं की ह्या गाडीची चढावर धरून ठेवायची सोय आपोआप बंद होते, हे त्याला विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्याला पक्कं माहीत होतं. पात्रातून निघताना दांडा परत टाकायचा तोच विसरला होता, अनुयाचा काही संबंधच नव्हता. आसपास कुणी नव्हतं. त्याने दांडा गुपचूप मूळ जागी ढकलला.

पाऊल दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर चढलं. मग सुरू झालं वड्याचं तेल वांग्यावर. देवेश येता-जाता बहिणीला बोलायचा, "ताई, जमत नव्हतं तर चालवायची कशाला?" अनुया खाली मान घालून ऐकायची. तिने गाडीला हात लावणं सोडलं. द्रोणागिरीला नाही म्हणून कळवते, म्हणाली. अवधूत म्हणायचा, "घाई कशाला करतेस?" आणि एवढंच बोलून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहायचा. खाई त्याला खवखवे! पार्किंगमधून गाडी काढताना त्याचा हात त्या दांड्याला लागला, तरी तो चटका बसल्यागत मागे घ्यायचा. पण बोलला नाही तो नाहीच.

त्यात आला अधिक महिना. जावयाला वाण द्यायचा, त्याला नारायण मानायचा महिना. सुनीताबाई ऐकतायत थोड्याच! प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून त्यांनी बसल्या जागी अनारसे तळले, आणि लेक-जावयाला जेवायला बोलावलं.

कळंबोलीच्या त्या छोट्या हॉलमध्ये अवधूतला खुर्चीवर बसवलं. पुढे परात. समोर सुनीताबाई, एक पाय लांब केलेला, हातात तांब्या. "या जावईबापू, पाय ठेवा," म्हणत त्या वाकल्या, आणि दुखऱ्या पायात कळ जाऊन त्यांचा चेहरा आकसला. तरी हसल्या.

अवधूतने पाय मागे घेतले.

"आई, थांबा. चूक अनुयाची नव्हती, माझी होती. गाडी मी 'लो'मध्ये ठेवली होती. तशी ती धरतच नाही. तिने ब्रेक पूर्ण दाबला असणार."

सुनीताबाईंचे डोळे भरून आले. "बघ गं अनू! बायकोवरचं बालंट स्वतःच्या अंगावर घेणारा नवरा मिळायला भाग्य लागतं."

"मोठं मन आहे दाजी तुमचं," देवेश म्हणाला.

अनुयाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा आवाज इतक्या दिवसांनी मऊ झाला होता. "नको ना रे. माझ्यासाठी खोटं नको बोलूस."

झाली की नाही पंचाईत! खरं बोलून झालं होतं आणि वर शाबासकीही मिळाली होती. आता गप्प बसला असता तर जन्मभर तोच थोर ठरला असता. कुणी विचारणारं नव्हतं. पण खांद्यावरचा तो हात त्याला सोसवेना.

"खोटं नाही," तो म्हणाला. "तुम्ही टेम्पोतून गेलात, आणि मी दांडा बघितला. तो 'लो'मध्येच होता. कुणाला कळू नये म्हणून मी तो परत जागेवर टाकला. मगच तुमच्या मागे आलो."

खांद्यावरचा हात निघाला.

"आम्ही गेल्यावर?" अनुयाने विचारलं. "आई माझ्या मांडीवर कळवळत होती, तेव्हा?"

"हो."

"मी अजून झोपेत ब्रेक दाबते, अवधूत. रोज. शेजारीच झोपतोस ना तू? बघत होतास ना?"

तो बघत होता. ती आत गेली. फोनवर कुणाला तरी, "हो, द्रोणागिरीला मी येतेय," असं बोलताना तिचा आवाज बाहेर ऐकू आला. देवेश बहिणीच्या बंद दाराकडे बघत ओशाळून उभा होता.

अवधूत उठायला लागला.

"पाय," सुनीताबाई म्हणाल्या.

नुसतं पाय. जावईबापू नाही, काही नाही.

"आई, मी ह्या लायकीचा नाही."

"नाहीच आहात. पण वाण काही तुमच्यासाठी नसतं. माझ्या लेकीच्या संसारासाठी असतं. ठेवा पाय."

त्याने परातीत पाय ठेवले. त्या पुन्हा वाकल्या, पुन्हा कळ गेली, ह्या वेळी हसल्या नाहीत. दोन्ही पाय त्यांनी नीट धुतले, पंचाने पुसले, आणि एकदाही त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. अवधूतला रडू फुटत होतं. इथे रडायचा हक्क आपला नाही, एवढं मात्र त्याला समजलं.