तीन काळ्या ओळी

डोळे तपासायला जळगावला आलेल्या कमलबाईंना त्यांच्या नातीने, मेघाने, रविवारी सकाळी सिनेमाला नेलं. सिनेमा जपानी होता, लढाईच्या काळातला. "आजी, आबांसारखा नेव्हीतला माणूस आहे त्यात," मेघा म्हणाली, आणि कमलबाई लगेच तयार झाल्या. त्यांचे यजमान लोटन आबा पंधरा वर्षं नेव्हीत होते. एकाहत्तरची लढाई त्यांनी जहाजावर काढली. पण चोपड्याला येऊन केळी लावल्यापासून माणसाने समुद्राचं नाव काढलं नव्हतं. कमलबाईंनी तर समुद्र पाहिलेलाच नव्हता.

पडद्यावरची इंग्रजी अक्षरं वाचून मेघा हळू आवाजात मराठीत सांगत होती, पण आजीचे प्रश्न तिच्या पुढे धावत होते. एवढ्यांचा भात कोण रांधतं? झोपतात कुठे? खलाशी कापडी झोळ्यांत लोंबकळत झोपलेले दिसले, तेव्हा सगळ्यांनाच पाळण्यात निजवल्यासारखं वाटून त्या हसल्याच. "बठ्ठासले पाळणामा निजाडी दिनं व!"

मग त्यातल्या एका खलाशाने नव्या नवरीला चिठ्ठी लिहिली. ती गेली साहेबाच्या टेबलावर. साहेबाने शाईत कुंचला बुडवला आणि ओळीमागून ओळ काळी केली.

कमलबाई ताठ बसल्या. "तो काब्र काळं करी ऱ्हायना?"

"जहाज कुठे आहे ते घरीसुद्धा कळू नये म्हणून. लढाईत सगळ्यांच्याच चिठ्ठ्या तपासतात, आजी."

त्यानंतर कमलबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही.

एकाहत्तरच्या लढाईत, लग्नाला आठ महिने झाले होते तेव्हा, आबांची अशीच चिठ्ठी आली होती. मधल्या तीन ओळी काळ्या. जाऊ हसून म्हणाली होती, "दुसरीचं नाव लिहिलं असेल, मग भीती वाटली असेल." कमलबाईंनी कागद दिव्यापुढे धरला, नखाने खरवडला, तो फाटला. आबा रजेवर आले तेव्हा विचारायचा धीर झाला नाही. पुढे लेकरं झाली, संसार वाढला, आणि प्रश्न तसाच पोटात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चोपड्याला उतरून त्या घरी आल्या. आबा ओट्यावर बसले होते. पिशवी खाली न ठेवताच कमलबाईंनी त्या काळ्या ओळींबद्दल सगळं विचारून टाकलं.

आबा बघतच राहिले. "मी नही मिटाडं. साहेबनी मिटाडं व्हई. इतला वरीस इचारं काब्र नही?"

"तुम्ही तरी कोठे सांगं? काय लिखेल व्हतं?"

आबांनी खूप आठवून पाहिलं. शेवटी मान हलवली. त्या ओळी त्यांनाही आठवत नव्हत्या. कमलबाईंना राग आला, रडूही आलं.

"पण कोठे व्हतू, ते सांगस," आबा म्हणाले.

ते जहाजाच्या पोटात, बॉयलरपाशी होते. बाहेर दिवस आहे की रात्र, तेही कळत नसे. एकदा मोठा हादरा बसला, दिवे गेले, आणि लोखंडी शिडी धरून चौदा माणसं अंधारात उभी राहिली. पाणी आत आलं नाही, एवढंच त्यांचं नशीब. हा माणूस समुद्राचं नाव का काढत नाही, हे कमलबाईंना तेव्हा कळलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

आबांनी विचारलं, "तो सिनेमामाधला पोऱ्या घर परत उना का?"

"नही उना."

आबांनी सरकून ओट्यावर जागा केली. कमलबाई शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "त्या चौदा जणसना नावं सांगा."