भेटीच्या खोलीत

आत्या आमच्याकडे राहायला आल्यापासून तिनं काही मागितलंच नव्हतं. त्या दिवशी एकदम म्हणाली, "मला एकदा तिथे घेऊन चल."

तिथे म्हणजे मनोरुग्णालयात. ते कायमचं बंद झालं म्हणून तर ती आमच्या घरी आली. माझ्या जन्माच्या आधीपासून ती तिथेच होती.

"इथे रमत नसेल तर दुसरी संस्था बघतो," बाबा स्वयंपाकघरात हळूच आईला म्हणाले. त्यांचं हळूच म्हणजे अख्ख्या मजल्याला ऐकू जातं.

मी जाहीर केलं, "मी नेते तिला!"

"आणि ती तिथून निघालीच नाही तर?" आई म्हणाली.

"निघेल गं. मी आहे ना!"

फाटकावरच्या रखवालदारानं विचारलं, "भुतं बघायला का?"

"नाही, माहेरी आलेय," आत्या म्हणाली. आत्या विनोद करते हे मला त्या क्षणी कळलं.

आणि आत काय सांगू! इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. भिंतींच्या हिरव्या रंगाचे पापुद्रे खाली पडून पाचोळ्यासारखे पायाखाली चुरत होते. खिडकीच्या गजांतून एक वेल आत शिरून लोखंडी खाटेवर पसरली होती, जणू तिलाच दाखल करून घेतलंय. न्हाणीघराचं छत फुटलेलं. खालच्या टबात पाणी, आणि पाण्यात आभाळ. मी बडबडत होते, फटाफट फोटो काढत होते. पण माझा प्रत्येक शब्द रिकाम्या खोल्यांमधून फिरून परत यायचा, अन् येताना कुणा दुसरीचाच वाटायचा. हळूहळू मी गप्प झाले. असं माझं सहसा होत नाही.

भेटीच्या खोलीत मधोमध लांबलचक टेबल होतं, दोन्हीकडे जमिनीत पक्की बसवलेली बाकं. आत्या पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

"दर रविवारी वेणी घालून इथे बसायचे."

"कोण यायचं?"

"आधी दादा यायचा. मग त्याचं लग्न झालं. मग बाजूवालीकडे आलेल्यांचं ऐकायचे." तिनं समोरच्या बाकाकडे बोट दाखवलं. "बस. आणि विचार."

"काय विचारू?"

"अगं टकळे, भेटायला आलीस ना? विचार की!"

"कशी आहेस?"

उत्तर कधीचं तयार असावं. "बरी आहे. समोरच्या खाटेवरची रात्रभर रडते, तिचा हात धरून बसते. भाजीत मीठ नसतं. केस पिकायला लागलेत माझे, दिसतंय का तुला?"

तिचे केस कधीच पांढरेशुभ्र झालेत. "छान दिसतात," मी म्हटलं.

ती खूश झाली. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "झाली वेळ. निघ आता. घरी सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग."

मी हसले. ती हसली नाही.

"आत्या, चल ना."

"भेटायला आलेली माणसं जातात गं. आम्ही थांबतो."

तिला ओढून न्यायचं? बाबांना फोन करायचा? केला असता तर दुसरी संस्था पक्कीच. मी टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी बसले.

"आता मी इथली. तू तिकडे जा आणि मला भेटायला ये."

ती उठली, समोर बसली, केस कानामागे सारले.

"कशी आहेस?"

'मस्त!' असं ओठांवर आलं होतं. पण त्या बाकावरून फक्त दार दिसतं, दुसरं काहीच नाही.

"घरी तू माझ्याशी बोलत नाहीस," मी म्हटलं. "शाळेतून येऊन मी एवढं सांगते, आणि तू भिंतीकडे बघतेस. मला वाटतं, मी तुला आवडतच नाही."

"आवडतेस," आत्या म्हणाली. "पण तिथे सगळे विचारतात, जेवलीस का, गोळी घेतलीस का. कशी आहेस असं कोणी विचारत नाही. मग मी काय बोलू?"

ती उठली. "येते हं. जप."

आणि गेली. दारातून मागे वळूनही न बघता. पापुद्र्यांवरून तिच्या चपला करकरत लांब गेल्या, मग ती करकरही थांबली. त्या शांततेत मी एकटी बसून होते. मागे पळावंसं वाटत होतं, पण आता मी इथली होते.

शेवटी बाहेर आले तेव्हा ती फाटकाशी रखवालदाराला सांगत होती, "झाली भेट. पोरगी जरा वाळलीय, पण बरी आहे."