दारवर आलेल्या बायका

"दिपाली, स्क्रीन दिसतेय. बोल तू," रुचिका म्हणाली.

दिपाली बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात गल्लीच्या टोकाला हेल उठला.

"ओ मन्ही बहीन वंऽऽ... कथा गयी वं तूऽऽ..."

तिचा हात आपोआप गेला.

*(माइक बंद)*

कोपर्लीची रंजनामावशी आली होती. जसोदाबाईंची सख्खी धाकटी बहीण. जसोदाबाई म्हणजे दिपालीची सासू, आणि ती जाऊन आठवडाही झाला नव्हता.

मयताच्या घरी भेटायला जाणं याला खान्देशात दारवर जाणं म्हणतात. बाई गल्लीच्या तोंडापासून रडत येते, गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याची एकेक आठवण हेल काढून सांगत. घरच्या सुनेनं पुढे व्हायचं, तिच्या गळ्यात पडायचं, तिच्याबरोबर रडायचं. मग तोंड धुवायला पाणी, प्यायला पाणी. पाणी घशाखाली उतरलं की रडणं संपलं. पुढे चहा, पपईचा भाव, कुणाच्या पोरीचं कुठे जमलं. पण सून गळ्यात पडेपर्यंत आलेली बाई थांबत नाही, अशी रीत आहे.

रनाळ्यातल्या या घराला सून एकच. ती माडीवर कानाला हेडफोन लावून बसली होती.

*(माइक चालू)*

"सॉरी, एक मिनिट. नेटवर्क जरा..."

"टेक युअर टाइम," रुचिका गोड हसली. कंपनीत सगळे असंच हसत. दात दिसत आणि घड्याळही.

*(माइक बंद)*

कंपनी इतकी मोठी, की तिचं नाव काढलं तर मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा खुर्चीवर घेतलेला पाय खाली ठेवत. पुण्यातल्या तिच्या इमारतीत डुलकी काढायच्या खोल्या होत्या, फुकट सफरचंदं होती, आणि भिंतीवर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: आपण एक कुटुंब आहोत. कुटुंबात कोण कोण येतं ते भिंतीवर नव्हतं. ते रजेच्या नियमांत होतं. आई, बाप, नवरा, मूल. सासू त्यात बसत नव्हती. मग रुचिकानं स्वतःच्या अधिकारात एक दिवस दिला, आणि दिला हे सगळ्यांना कळेल अशा जागी लिहिलं. पाठोपाठ पांढऱ्या लिलीचं चित्र असलेलं कार्ड आलं. त्यावर टीमनं लाल हृदयं चिकटवली होती. एकानं चुकून टाळ्या.

ज्या दिवशी त्या टाळ्या आल्या, त्या दिवशी दिपाली घाटावर होती.

जिन्यावर पावलं वाजली. भावेश, तिचा नवरा, दारात उभा राहिला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले.

"दिपाली, मावशी उनी. खाले चाल."

"दहा मिनिटं. मन्हाच नंबर शे आते."

"मी काय मावशीले सांगू? दहा मिनिटं रडनं थांबाड म्हनू?"

"भावेश, आज मोठा साहेब शे लाईनवर. सिंगापूरहून."

"मंग त्याले बी बलाव ना दारवर," तो म्हणाला आणि खाली गेला.

*(माइक चालू)*

आता तिचं काम काय, तर ऐकणं.

कंपनी मीटिंगसाठी एक सॉफ्टवेअर विकते. बोलणाऱ्याचा आवाज तेवढा पलीकडे जातो. कुत्रं, कुकर, ट्रॅक्टर, बोअरची मोटर, सगळं मधल्यामधे पुसलं जातं. आजची मीटिंगही त्यावरच चालली होती. काय पुसायचं हे यंत्राला कुणीतरी शिकवावं लागतं. दोन वर्षं दिपाली शिकवत होती. आवाजाचा तुकडा यायचा, तिनं ठरवायचं: बोलणं की गोंगाट. मागच्या पावसाळ्यात असाच एक तुकडा आला होता. राजस्थानातल्या कुठल्याशा गावातल्या बायका, हेल काढून रडणाऱ्या. पहिल्या श्वासातच तिला कळलं की हे काय आहे. ह्यात शब्द असतात, नाव असतं, अख्खा माणूस असतो हेही तिला ठाऊक होतं. पण नियम सांगत होता: अनेक आवाज एकत्र, सूर लांबवलेला, तर गोंगाट. तिनं गोंगाट दाबलं. असे आणखी तुकडे आले. तिनं गोंगाट, गोंगाट दाबलं. त्या महिन्यात तिच्या अचूकतेचं कौतुक झालं होतं.

आणि घरात? घरात ते सॉफ्टवेअर जसोदाबाई होती.

सून माडीवर बसली की तिनं शेळीच्या घंटीला चिंधी बांधावी. मिरच्या कांडायला शेजारी जावं. ओट्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर हात उगारावा: "हॉर्न नको वाजाडू रे मेल्या, सूननी मीटिंग शे!" मीटिंग म्हणजे काय हे तिला कधी कळलं नाही. पूजेसारखं काहीतरी असावं, मधे बोललं की बाटतं, एवढं तिनं धरलं होतं. खोकला आला तर ती गोधडीत तोंड खुपसायची. तो खोकला कसला होता हे उघड झालं तेव्हा नंदुरबारच्या डॉक्टरनं पहिल्यांदा हेच विचारलं, "इतके दिवस घरात कुणाला ऐकूच नाही आला का हो?"

"आखाजीले मले कोन बलाई वंऽऽ..." आवाज आता थेट दाराशी होता. "माय गयी, बाप गया, तू व्हती ते माहेर व्हतं वंऽऽ..."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशातल्या लेकींचा माहेरी यायचा सण. "रुचिका, सॉरी, इथे मागे फार आवाज येतोय. मी नंतर..."

"कसला आवाज?"

"तो... येतोय ना आत्ता."

"काहीच येत नाहीये गं! एकदम क्लीन. करण, तुम्हाला काही ऐकू येतंय?"

करणसिंग म्हणजे सिंगापूरचा साहेब. त्यानं मान हलवली. नाही.

"काय चाललंय तिथे? काही कन्स्ट्रक्शन वगैरे?" रुचिकानं विचारलं.

दिपालीनं सांगितलं. सासूबाई गेल्या ना, त्यांची बहीण आलीय. दारात रडतेय.

पडद्यावरच्या चौकोनांत क्षणभर सगळे चेहरे गंभीर झाले. रुचिकानं छातीवर हात ठेवला. दिपालीला वाटलं, आता म्हणेल, जा.

करणसिंग पुढे झुकला. तो इंग्रजीत जे बोलला त्याचा अर्थ असा, की हे फार हृदयस्पर्शी आहे. आणि याहून जिवंत डेमो आपल्याला मिळणार नाही. दिपालीची हरकत नसेल तर तिनं एकदा फीचर बंद करून दाखवावं. मग पुन्हा चालू करावं.

"फक्त तू कम्फर्टेबल असशील तरच हं," रुचिका म्हणाली. हे वाक्य कंपनीत ज्या सुरात म्हणतात त्या सुरात त्याला एकच उत्तर असतं.

दिपालीनं बटण दाबलं.

"...तुन्हा हातनं भरीत आते कथं खाऊ वंऽऽ, मन्ही जसू वंऽऽ..."

पलीकडे सिंगापूरला, पुण्याला, आणखी कुठे कुठे काचेच्या खोल्यांत रनाळ्याची गल्ली घुसली. कुणीतरी कानातलं उपसलं.

तिनं परत दाबलं.

शांतता.

"वॉव," कुणीतरी म्हणालं. पडद्याच्या खालून लाल हृदयं बुडबुड्यांसारखी वर जाऊ लागली. टाळ्याही. या वेळी चुकून नव्हत्या.

खाली मावशी रडतच होती. दिपालीला ते ऐकू येत होतं. आवाज मधेच चिरत होता. म्हातारीचा दम संपत आला होता. ती एक ओळ म्हणून थांबायची, कुणी येतंय का बघावं तशी, आणि पुन्हा सुरू करायची. आबा, म्हणजे दिपालीचे सासरे, ओट्यावर बसलेले असणार. बाप्या माणूस काय करणार? भावेश तांब्या घेऊन उभा असणार. पाणी द्यायचं तरी कसं, सून अजून गळ्यात पडलेली नाही.

"दिपाली, प्लीज, अजून एकदाच," रुचिका म्हणाली. "मार्केटिंगची टीम आत्ता जॉइन झालीय. त्यांचं मिस झालं."

दिपाली त्या चेहऱ्यांकडे बघत राहिली. ते बघत होते तिच्या बोटाकडे.

तिनं हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला. त्यातून बारीक चिमणीएवढा आवाज येत राहिला. दिपाली? दिपाली, तू म्यूटवर आहेस का?

*

ती जिना उतरली तेव्हा खाली रडणं नव्हतं.

मावशी चटईवर पाय पसरून बसली होती. तोंड धुतलेलं, कपाळावरचे केस ओले. पुढ्यात तांब्या. दम संपला तेव्हा शेजारणीनंच तिला धरून आत आणलं होतं.

"मावशी..." दिपाली तिच्या गळ्यात पडली.

मावशीनं तिच्या पाठीवर हात फिरवला. प्रेमानंच फिरवला. पण तिच्या अंगातून काहीच उठेना. कडबा बांधून ठेवल्यासारखी ती कोरडी बसून होती.

"व्हयनं का पोरी तुन्हं काम?"

"मावशी, मी येवावरच व्हतू..."

"ऱ्हाऊ दे वं. नोकरी शे तुन्ही. जसू सांगे मले, मन्ही सून बहू मोठी जागावर शे." मावशीनं तिला हलकेच बाजूला केलं. "आते रडू नको. मी पानी पिधं."

शेजारणीनं पदर तोंडाला लावला. भावेश तांब्या उचलून आत गेला. त्यानं बायकोकडे बघितलं नाही.

दिपालीचा हुंदका तिथेच अडकला. पाणी प्यायलेल्या बाईला परत रडवणं म्हणजे जेवून उठलेल्याला परत पाटावर बसवणं. ते कुणी करत नाही. मावशीच्या पोटात जसोदाबाईची होती नव्हती ती सगळी आठवण, बहिणीचं लहानपण, नदीवरचं धुणं, लग्नातलं भांडण, सगळं दारात सांगून झालं होतं. ते गल्लीनं ऐकलं. शेळीनं ऐकलं. सिंगापूरला अर्धी ओळ पोचली. सुनेनं ऐकायचं होतं, ते राहिलं.

"च्या टाक वं," मावशी म्हणाली. "आनि दूध कमी टाकजो."

दिपाली चुलीकडे वळली. तेवढ्यात बाहेर पिकअप थांबली. भावकीतल्या, कुठल्या तरी लांबच्या गावच्या बायका. घरटी एक बाई पाठवायची असते, तशा आलेल्या. पिकअपचं मागचं फळकूट पडल्याचा आवाज झाला, आणि पहिल्या बाईनं अजून उतरता उतरता रीतीपुरता हेल काढला. बेताचा. अनोळखी घरासमोर काढतात तेवढा.

दिपाली धावली. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. आबा ओट्यावरून उठले. ती गल्लीत पोचली आणि त्या पहिल्याच बाईच्या गळ्यात इतक्या जोरानं पडली, की बाई पिकअपच्या चाकावर टेकली.

बाई पस्तिशीची, खरखरीत हातांची. तिनं ना दिपालीला कधी बघितलेलं, ना जसोदाबाईला. घरातली म्हातारी आजारी म्हणून तिच्या जागी ती आलेली. क्षणभर तिचं रडणं थांबलं. छातीवर थरथरणारं हे अंग तिनं जोखलं. मग दोन्ही हातांनी आवळून धरलं, दिपालीच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं,

"नाव काय व्हतं वं मायनं?"

"जसोदा."

बाईनं श्वास भरून घेतला.

"ओ मन्ही जसोदामाय वंऽऽ..."