बंदीच्या दिवसांत लिहिलेला लिलाव

जिब्रानचं लिलावाचं ॲप पहिल्याच संध्याकाळी बुडालं आणि त्याचा भागीदार दीपेश पुण्याच्या नोकरीवर निघून गेला. असं काहीही झालेलं नाही, असं समजू. आपण दोन जूनपासून सुरू करू. मिरकरवाडा बंदरात बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत दोघे बसलेत आणि अजून एकमेकांशी बोलताहेत.

मच्छीमार सोसायटीला मासळीच्या लिलावाचं ॲप हवं होतं. ते कुठल्या पद्धतीने करायचं, एवढंच ठरायचं होतं.

"थोडंसं करू, दर पंधरा दिवसांनी गोदूमावशीला दाखवू," दीपेश म्हणाला. गोदूबाई त्याची सख्खी मावशी, बंदरावर लिलाव पुकारायची. "ती शिव्या घालील. सुधारू. परत दाखवू."

"दर पंधरा दिवसांनी शिव्या?"

"अजाइल म्हणतात त्याला."

जिब्रानला शिव्या एकदाच, अगदी शेवटी खायच्या होत्या. म्हणून त्याने वॉटरफॉल निवडला. आधी सगळं लिहून काढायचं, सह्या घ्यायच्या, मग बांधायला घ्यायचं आणि मध्ये कुणाचं ऐकायचं नाही. दीपेश "बरं" म्हणाला. शाळेपासून पहिली बॅटिंगही जिब्रानच घ्यायचा.

जून-जुलै मासेमारीला बंदी. माणसं जाळी शिवत रिकामी बसलेली, त्यामुळे मागण्यांना तोटा नव्हता. गुणाजी तांडेलाने प्रत्येक होडीची जन्मपत्रिका मागितली. चाळीस वर्षं जहाजावर काढलेल्या रशीदचाचांनी दुबईची वेळ मागितली. लिलावात देवमासा आला तर काय, यावर वेगळं प्रकरण झालं आणि ते 'वनखात्यास कळवावे' इथे संपलं. दोनशे बारा पानं, स्पायरल बायंडिंग, सतरा सह्या.

मार्चमध्ये ॲप तयार झालं. बांगड्याची पहिली टोपली आली तशी गोदूबाईने खवल्यांसकट ओलं बोट फोनला लावलं. फोनला ते बोट वाटेना. मग जिब्रान स्वतः दाबायला बसला. 'जाळ्याचा रंग निवडा' या पाचव्या पानावर तो पोचला तोवर सहा टोपल्या विकून गेल्या होत्या.

"मेल्या, तुझा लिलाव होईस्तोवर मासा वास मारील," गोदूबाई म्हणाली आणि सातवी पुकारायला लागली.

शिवी तेवढीच. तिच्या भीतीने त्याने नऊ महिने काढले होते.

सोसायटीने ॲपसाठी घेतलेले फोन परत केले. बॅग भरताना दीपेश रागावलेला नव्हता. रागावला असता तर जिब्रानला भांडता तरी आलं असतं.

"तू एकदा तरी लिलाव बघितलास?"

"जून-जुलैत लिलाव असतो कुठे?"

"ऑगस्टपासून होता की रे. रोज. खिडकीखाली."

आवाजाने कामात लक्ष लागत नाही म्हणून खिडकी जिब्राननेच लावून घेतली होती.

परवा त्याने एक अर्ज लिहिला. कुणाच्या नावे लिहायचा ते सुचेना, म्हणून वर 'संबंधित अधिकारी' एवढंच घातलं.

"विषय: पद्धत बदलण्याबाबत. महोदय, मागील वर्षी दोन जून रोजी अर्जदाराने एकट्याने घेतलेला निर्णय त्याच तारखेपासून रद्द समजण्यात यावा. त्यानंतर वाया गेलेले महिने परत करण्यात यावेत आणि श्री. दीपेश यांना पूर्वलक्षी प्रभावाने, त्यांना काहीही आठवत नसल्याच्या अवस्थेत, पूर्ववत मित्र म्हणून रुजू करून घेण्यात यावे, ही नम्र विनंती."