डाव्या हाताचा नमस्कार

सूर्य तुंगच्या सुळक्यामागे उतरला, की वाटजाई देवीच्या वळणावर माणसे जमू लागत. पवनानगरहून आमच्या वाडीकडे चढणारा रस्ता तिथे कोयत्यासारखा वळतो. आतल्या अंगाला कमरेएवढे शेंदरी देऊळ, बाहेरच्या अंगाला उतार, आणि उताराच्या तळाशी उरलेला उजेड धरून पडलेले धरणाचे पाणी. गर्दीला त्या पाण्याचे काही नव्हते, आणि खरे तर देवळाचेही नव्हते. सगळ्यांचे डोळे खालून चढत येणाऱ्या मोटारसायकलींच्या दिव्यांवर खिळलेले असत.

"आली, आली! कैलासची हाय!"

दिवा चढ चढत आला. देवळासमोर येताच चालवणाऱ्याचा हात कपाळाला गेला, दिवा पिवळा झाला, मग तांबूस, मग विझत्या निखाऱ्याएवढा उरला. बायकांनी पदर तोंडाशी नेले. गाडी देऊळ ओलांडून पुढे गेली, आणि दिवा पुन्हा लख्ख पेटला.

"मिटला! आईनं डोळा मिटला!"

देवळाच्या पायरीवर अंबाजी भगत बसलेला असे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याला कुणी भगत म्हणत नव्हते. आता त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ होती, आणि आवाजात एक खास खर्ज आला होता.

"ह्याला बल्ब म्हनू नका, लेकरांनो. ह्यो गाडीचा प्रान हाय. आई त्यो वडून घेती, सुपात धान पाखडावं तसा पाखडती, आन् पुन्यांदा तुमच्या पदरात टाकती. का पाखडती? कारन हितं, तिच्या पायाशी, काळी नजर बसलीया!"

तो बोट कधीच दाखवत नसे. गरजच नव्हती. सगळ्या माना आपसूक वळणापलीकडच्या पत्र्याच्या टपरीकडे वळत. तिथे भागुबाई राहत होती.

भागुबाई एकटी बाई. नवरा गेल्यावर वीस वर्षे तिने त्या वळणावर चहा आणि उकडलेली कणसे विकली. मागच्या खोलीत संसार, पुढे चूल. पावसाळ्यात रस्त्याला शेवाळ धरले की ती पहाटे चुलीतली राख वळणावर पसरायची, म्हणजे कुणाची गाडी घसरू नये. तरी आषाढात वाडीतल्या राजेंद्रची घसरली. त्याचा पाय मोडला. त्याला उतारावरून ओढून वर आणणारी, स्वतःच्या लुगड्याची पट्टी फाडून त्याची जखम बांधणारी भागुबाईच होती. आणि लोकांनी विचारले ते एवढेच, की पडलेल्याजवळ सगळ्यांत आधी हीच कशी पोचली?

राजेंद्रची गाडी माझ्या गॅरेजात आली होती. मागचे टायर तुळतुळीत, चेन चार बोटे लोंबणारी, ब्रेकची केबल तेलाअभावी गंजलेली. मी त्याच्या भावाला, कैलासला, हलक्या आवाजात ते दाखवले. तो म्हणाला, "आसंल रं ओंकार. पन पडायच्या आदी त्याचा दिवा गेलता, त्याचं काय?"

मी चेन ताणायला घेतली. मला माणसांशी बोलायला जमत नाही. यंत्राशी जमते, ते उत्तराची घाई करत नाही.

अंबाजीने उपायही काढला. हेडलाइटच्या काचेला हळदकुंकू फासायचे, वर काळ्या दोऱ्यात बिब्बा आणि लिंबू बांधायचे. त्याला तो अनुग्रह म्हणे. आणि अनुग्रहाला एक नियम होता.

"दोरा बांधला, की चालत्या गाडीवरनं हात जोडायचा न्हाई. निस्ता हॉर्न द्यायचा. आईला तेवढं पुरतं."

चमत्कार असा, की दोरा बांधलेल्यांचा दिवा खरोखरच जात नसे. ते हॉर्न वाजवत दिमाखात वळण पार करत. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? एकदा गर्दीतून कुणीतरी विचारले, "बाबा, ती पुन्याची पोरं तंबूत ऱ्हायला येत्यात, त्यांच्या नव्या गाड्यांला ना दोरा ना लिंबू. त्यांचा दिवा कसा काय जात न्हाई?"

"पाव्हन्याच्या म्होरचं ताट कुनी वडतं का रं?" अंबाजी म्हणाला. लोक हसले, आणि प्रश्न त्या हसण्यात बुडाला.

मला मात्र त्या हॉर्नच्या नियमाने पहिल्याच संध्याकाळी सगळे सांगून टाकले होते. अशा गाड्या मी रोज खोलतो. कळणे आणि बोलणे यांत किती अंतर असते, ते मला तेव्हा माहीत नव्हते.

श्रावणात एकदा भागुबाई गॅरेजात आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"ओंकार, तू गाड्या खोलतोस. खरं सांग, बाबा. माज्या बघन्यानं दिवा बारीक व्हतो का रं?"

"नाही, मावशी. तसं काही नसतं."

"मंग हे त्यास्नी सांग की. माजं कोन ऐकतंय?"

हातातला पाना मी उगाच फडक्याने पुसत राहिलो. "सांगतो," म्हणालो.

सांगितले नाही. आज गर्दी जास्त आहे, उद्या सांगू; आज अंबाजी रागात आहे, परवा सांगू. तोवर भागुबाईच्या चुलीवरचा चहा उकळून आटू लागला, कारण प्यायला कुणी थांबेना. मग तिच्या पत्र्यावर दगड पडू लागले. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या काचांवरची हळद मी मुकाट्याने पुसत होतो, आणि धनी नेताना ती पुन्हा फासून नेत होते. आधीच मिणमिणता उजेड त्या लेपाने आणखी निम्मा होई. भाद्रपदाच्या अखेरीस बैठक बसली. वाडीत ज्यांचा शब्द चालतो त्या केरबा आबांनीही मान डोलावली. अवसेच्या आत भागुबाईने टपरी सोडायची. त्या जागी देवीचा सभामंडप होणार.

अवसेच्या आदल्या संध्याकाळी मी माझी जुनी गाडी घेऊन वळणावर गेलो. भागुबाई दारात बसून भांडी पोत्यात भरत होती. गर्दी तिच्याकडे पाठ करून उभी होती.

"अंबाजी भाऊ," माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, "माझ्या गाडीला दोरा नाही. मी नमस्कार करत गेलो, तर दिवा जाईल?"

"जाईल म्हंजे? तुज्या बापाचापन जाईल!"

हशा पिकला. मी खाली गेलो, गाडी वळवली आणि चढ चढू लागलो. देवळासमोर उजवा हात कपाळाला लावला. दिवा तांबूस होऊन विझायला आला. मागून जयजयकार उठला.

मी पुन्हा खाली गेलो. पुन्हा आलो. या खेपेला डावा हात कपाळाला लावला.

दिवा जसाच्या तसा राहिला. देवळाच्या शेंदरावर त्याचा झोत स्थिर पडला होता. 

मग माझ्या गालावर चपराक बसली. कैलास होता.

"डाव्या हातानं? आईला डाव्या हातानं हात जोडतोस, भाड्या?"

"इटाळ केला! गाडी ढकला ह्याची खाली!"

एका बाईला घरातून हुसकताना ज्यांचा आवाज चढला नव्हता, त्यांचा माझ्या डाव्या हाताने चढला. त्या गोंगाटात मी बोलू लागलो. काही केल्या थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा कधी सुरू झालो नसतो.

"आपल्या ह्या जुन्या गाड्यांचा दिवा बॅटरीवर चालत नाही. इंजिनात तारेची कॉइल असते, तिच्याभोवती लोहचुंबक फिरतं. इंजिन जोरात, तर वीज जास्त आणि दिवा मोठा. इंजिन मंद, तर दिवा मंद. आणि इंजिन कमीजास्त करायची मूठ उजव्या हातात असते. नमस्काराला उजवा हात उचलला की मूठ सुटते. दिवा देवी नेत नाही, आपण सोडतो. हॉर्नचं बटन डाव्या अंगठ्याखाली आहे, म्हणून हॉर्न देणाऱ्याची उजवी मूठ सुटत नाही. पुण्याच्या नव्या गाड्यांचे ते पांढरे दिवे बॅटरीतून जळतात, त्यांना इंजिन मंद झाल्याचा पत्ताच लागत नाही."

"खोटं!" अंबाजी ओरडला. "जागा जागृत हाय. हितं असलं काय बी दाखवता येतंय!"

केरबा आबा काठी टेकत पुढे आले. "मंग हितं नगं. शाळंम्होरं दाव. माज्या गाडीवर."

शाळा वळणापासून चांगली दूर. तिथून ना देऊळ दिसते ना भागुबाईचा पत्रा. सगळी गर्दी मागे आली. आबांची गाडी मी स्टँडवर लावली, चालू केली. शाळेच्या भिंतीवर उजेडाचा गोल पडला.

"आबा, मूठ तुम्हीच धरा. आता पिळा. आता सोडा."

गोल फुलला. गोल सुकला. आबांनी पुन्हा पिळली, पुन्हा सोडली, पुन्हा, पुन्हा. त्यांचा सुरकुतलेला चेहरा त्या उजेडात दिसत होता आणि मिटत होता.

"आरं तिच्या! म्हंजे देवी माज्या मुठीत व्हय?"

"तुमचा उजेड तर अगदीच विझतो, आबा. अर्थिंगची वायर सैल आहे आणि दिव्यातली उजेड फेकणारी वाटी काळी पडलीय. ते नीट केलं, इंजिनाची मंद चाल जराशी वाढवली, की एवढा जाणार नाही."

आबांनी गाडी बंद केली. "अंबाजी, तू तळेगावात गाड्यांच्या कारखान्यात व्हतास न्हवं? चार वर्सं?"

अंबाजी चाचरला. "व्हतो... पन आबा, आई यंत्रातनंच तर बोलती."

"मंग आईला सर्व्हिसिंगला कवा सोडायचं?" मागून कुणीतरी म्हणाले.

हास्याचा लोट उसळला. कैलास तर पोट धरून हसत होता. अंबाजी त्या हसण्याच्या कडेकडेने निघून गेला. मला हसू आले नाही. तोंडे तीच होती. भागुबाईच्या पत्र्यावर दगड पडल्यावरही ती तोंडे अशीच हसली होती.

आम्ही परत वळणावर आलो. आबांनी दाराबाहेरूनच सांगितले, "भागू, समदं फिटलं. अंबाजीचं बिंग फुटलं. ऱ्हा आता खुशाल."

भागुबाईने पोत्याच्या तोंडाला गाठ मारली. वर न पाहता म्हणाली, "दिवा कशानं बारीक व्हतो, ते आज कळलं तुमास्नी. बरं झालं. पन आबा, मी कोन हाय, ते वीस वर्सं ठावं न्हवतं व्हय?"

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. 

सकाळी ती इंदुरीला लेकीकडे निघाली. पवनानगरच्या जीपथांब्यापर्यंत मी तिचे पोते गाडीवर नेऊन दिले. जीप भरायची होती. तिने मला विचारले,

"ओंकार, तुला कवापासनं ठावं व्हतं?"

खोटे बोलता आले असते. "पहिल्या दिवसापासून, मावशी."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. असता तर सोसला असता.

"त्यास्नी तरी ठावं न्हवतं, बाबा," ती म्हणाली, आणि जीपमध्ये चढली.

त्यानंतर गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाशी मी बोलतो. शब्द अडखळतात, तरी बोलतो. दिवा मंदावला, तर वायर तपासा, अर्थिंग घट्ट करा, काचेवर काहीही फासू नका. टायरची नक्षी हाताने चाचपा, चेन ताणून घ्या, ब्रेकला तेल द्या. वळणावर दोन्ही हात हँडलवर ठेवा. नमस्कार करायचाच असेल, तर थांबून करा. आणि जे घडताना दिसते, ते दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसासमोर तसेच घडते का, एवढे एकदा स्वतः करून पाहा. त्याला पैसा लागत नाही, शिक्षणही लागत नाही. ते करून पाहीपर्यंत कुठल्याही बाईच्या दाराकडे मान वळवू नका.

माझ्यासारख्या थोडे कळणाऱ्यांना एवढेच सांगतो, की कळले त्याच संध्याकाळी बोला. आवाज कापला तरी चालेल. मी दोन महिने उशिरा बोललो. जे सांगितले ते खरेच होते, सगळ्यांना पटलेही; पण ज्या बाईसाठी ते सांगायचे होते, ती तोवर आपली भांडी बांधून बसली होती.